समुद्र नसलेल्या गावी

वर्ध्याला समुद्र नाही. मुंबईहून रेल्वेने सुमारे साडेसातशे किलोमीटर आत यावे, तेव्हा हे गाव लागते. मुंबईकर पाहुण्याच्या नजरेत इथे चटकन भरते ते खिडक्यांचे लोखंड! रंग उडालेले गजही धडधाकट असतात. आपल्या दादरच्या गॅलरीचे गज मात्र दर दिवाळीला रंग मागतात आणि तरी पापुद्रे टाकतात.

कारण साधे आहे. गंजायला लोखंडाला हवा आणि ओल दोन्ही लागतात. विदर्भाची हवा पावसाळा सोडला तर बहुतेक कोरडी. मे महिन्यात पारा ४५ अंशांना शिवतो. किनाऱ्यावरचा वारा मात्र मीठ घेऊन येतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे गृहिणींना सांगायला नकोच. लोखंडावर बसलेले मीठही तसेच ओल धरून ठेवते आणि गंजाला रात्रंदिवस काम देते.

मौज ही, की त्यावरचा उतारा याच कोरड्या मुलखात तयार होत आला आहे. वर्ध्याजवळ भूगावला १९९० च्या दशकात पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. जस्ती पत्राही तिथे बनत आला. जस्ताला कोणी कल्हईचे भावंड समजेल, पण कथिलाची कल्हई हे नुसते पांघरूण. जस्ताचे तसे नाही. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. अर्थात ते झिजणारच. खाऱ्या वाऱ्यात तर फार लवकर. म्हणून किनाऱ्यावर जस्तावर रंगही हवा, बोल्ट आणि वेल्डिंगचे सांधे वरचेवर तपासायला हवेत, मीठ गोड्या पाण्याने धुवायला हवे.

हे सारे ठाऊक असूनही मालवणला काय घडले? राजकोट किल्ल्यावरच्या शिवछत्रपतींच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नटबोल्ट गंजल्याचे सार्वजनिक बांधकाम खात्याने काही दिवस आधीच कळवले होते. चौकशीत गंजाबरोबर कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंगही पुढे आले.

भूगाव पाहून पाहुण्याने सेवाग्रामला जरूर जावे. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले. माती, बांबू आणि कवेलूंची ती घरे आजही उभी आहेत. त्यांचे वैरी निराळे: पाऊस आणि वाळवी. पण त्या भिंतींना सारवणारे हात कधी थांबले नाहीत. पोलाद मातीहून कितीतरी बळकट खरे. निगेतून मात्र त्याचीही सुटका नाही.