शिकागोच्या हिरवळीवर

अमेरिकेहून परतल्यापासून पिंपळगाव रेणुकाईत जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलं, सर?" उंच इमारती पाहिल्या, समुद्रासारखा पसरलेला मिशिगन तलाव पाहिला. पण वाचकांना सांगावीशी वाटते ती एका बागेत गवतावर चादर अंथरून घालवलेली संध्याकाळ.

आम्ही दोघे रजा काढून शिकागोला गेलो ते धाकट्या बहिणीसाठी. मेहुण्यांची नोकरी तिथे. ती चार वर्षांच्या मुलाला घेऊन त्यांच्याकडे गेली त्याला दहा महिने झाले होते. फोनवर तिचे एकच रडगाणे असे, "भाईजान, यहां कोई पूछताच नई." आमच्याकडे दारात बसले तरी येणारा-जाणारा तब्येत विचारतो, आज काय शिजले ते विचारतो. तिथे शेजारच्या दाराआड कोण राहते हेसुद्धा तिला माहीत नव्हते. लोक हिजाबकडे बघतील, इंग्रजी अडखळेल, या धास्तीने ती मेहुण्यांशिवाय बाहेर पडत नव्हती. आम्ही पोहोचलो त्याच रात्री ती म्हणाली, "परत जाताना मला आणि बाळाला घेऊन चला." मेहुणे मान खाली घालून जेवत राहिले.

डेव्हन अव्हेन्यूवर मात्र ती खुलायची. तिथे हलाल गोश्त मिळतो, ज्वारीचे पीठ मिळते, कानावर हैदराबादी बोली पडते. याच रस्त्याच्या एका भागाला गांधी मार्ग आणि दुसऱ्या भागाला मोहम्मद अली जिना वे असे मानाचे नाव दिलेले आहे. दोन्हींकडून पिशव्या भरून आम्ही घरी आलो. पण डेव्हन म्हणजे आपलाच मोहल्ला. तिथे कितीही फिरले तरी शिकागोची भीती जात नाही.

एका बुधवारी मेहुण्यांनी मिलेनियम पार्कला जायचे ठरवले. तिथे ग्रँट पार्क संगीत महोत्सव असतो. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत आठवड्यातून काही संध्याकाळी मोठा वाद्यवृंद वाजवतो आणि हिरवळीवर बसायला तिकीट लागत नाही. ही प्रथा 1935 सालची, मंदीच्या काळातली. बोलपट आल्यामुळे मूकपटाच्या थिएटरांत वाजवणारे वादक बेकार झाले होते आणि लोकांच्या खिशात करमणुकीला पैसे नव्हते. वादकांच्या संघटनेचे प्रमुख जेम्स पेट्रिलो यांनी पुढाकार घेऊन बागेत फुकट मैफिली सुरू करवल्या.

आताचा मंच 2004 साली उघडला. फ्रँक गेहरी या वास्तुविशारदाने तो बांधला. मंचाभोवती स्टीलचे पत्रे वाऱ्यात उडालेल्या ओढणीसारखे वळलेले आहेत. पुढे सुमारे 4000 खुर्च्या, त्यामागे सुमारे 7000 माणसे बसतील एवढी हिरवळ. हिरवळीवर लोखंडी नळ्यांची मांडवासारखी जाळी आहे आणि तिला लहान लहान स्पीकर टांगलेले आहेत. त्यामुळे सर्वांत मागे बसलेल्यालाही मंचाजवळ बसल्यासारखे ऐकू येते आणि कुणाच्या कानठळ्या बसत नाहीत. आमच्याकडच्या वरातीतले डीजेवाले तिथे महिनाभर शिकायला पाठवावेत.

साडेसहाला संगीत सुरू झाले. व्हायोलिनवाल्यांचे गज एकदम वर जात, एकदम खाली येत. खरे सांगायचे तर त्यातले शास्त्र आम्हाला कळले नाही. कव्वालीत ऐकणारा वाहवा करतो, नजराणा देतो, कव्वाल तीच ओळ पुन्हा घेतो. इथे बहुतेक लोक श्वास रोखून बसतात आणि दाद शेवटी एकदम देतात. संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, तो वाद इथे काढत नाही. एवढे मात्र आठवले की आपल्या खुलताबादला विसावलेले हजरत बुरहानुद्दीन गरीब समाचे मोठे चाहते होते.

आजूबाजूला कुणी पुस्तक वाचत होते, कुणी तान्ह्याला थोपटत होते. काहींच्या टोपलीत वाइनची बाटलीही होती. बहीण आधी आक्रसली. मग आम्ही जरा सरकून बसलो आणि ते त्यांच्या जागी, आम्ही आमच्या जागी. अर्ध्या तासाने ती हळूच म्हणाली, "कोई देखताच नई." या वेळी आवाजात तक्रार नव्हती.

मध्यंतरात भाकरी आणि ठेचा काढला. शेजारच्या चादरीवरच्या एका आजीबाईंनी वास घेऊन हे काय म्हणून विचारले. आम्ही उत्तर देण्याआधीच बहीण बोलली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिने सांगितले की आमचे गाव मिरचीच्या बाजाराचे, आमच्याकडून ट्रक भरभरून मिरची बाहेर जाते. आजींनी बोटाच्या टोकावर ठेचा घेतला, डोळ्यांत पाणी आले आणि पुन्हा मागितला. मग दोघींचे मुलाबाळांवरून सुरू झाले ते वादक परत येईपर्यंत. आम्ही मध्ये पडलो नाही.

मैफल संपली तेव्हाही उजेड होता. उन्हाळ्यात तिथे मगरीब साडेआठच्या सुमारास होते. मेहुणे भाच्याला फजलूर रहमान खान यांच्याविषयी सांगत होते. ढाक्यात जन्मलेल्या या इंजिनिअरने नऊ नळ्यांची जुडी बांधावी तशी रचना योजून 110 मजल्यांचा सिअर्स टॉवर उभा करून दाखवला. भाच्याला मात्र वादकांचे भले मोठे ड्रम हवे होते.

वक्त झाला तशी आम्ही चादर झटकून किब्ल्याकडे केली. भारतात आपण पश्चिमेकडे तोंड करतो, शिकागोत ईशान्येकडे, म्हणजे मंचाच्या उजव्या अंगाला, तलावाकडे. उघड्यावर नमाजला उभे राहायला बहीण एरवी कधी तयार झाली नसती. त्या दिवशी ती भाभीशेजारी येऊन उभी राहिली. लोक चादरी गुंडाळून बाजूने निघून जात होते.

परतीच्या दिवशी विमानतळावर ती आम्हाला सोडायला आली, सोबत सामान न घेता. परवा फोन आला. शुक्रवारी ती बाळाला घेऊन एकटीच बसने बागेत गेली होती आणि मेहुणे ऑफिसातून थेट तिथे पोहोचले. लाल मिरची दोन किलो पाठवा म्हणाली. टपालाचा खर्च मिरचीच्या कितीतरी पट येतो, तरी पुडके बांधायला घेतले आहे.