एरिसेराच्या लाटांवर

लिस्बनच्या वायव्येस एरिसेरा हे पोर्तुगालमधील कोळ्यांचे जुने गाव आहे. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येणारे तरुण आम्ही तेथे पाहिले. उन्हाळ्यातही तेथील पाणी सुमारे १८ अंशच असते. उघड्या अंगाने फार वेळ राहिल्यास हातपाय बधिर होतात. म्हणून ते निओप्रीन रबराचा अंगाला बिलगणारा पोशाख, म्हणजे वेटसूट, घालतात. धडाशी ३ व हातापायांशी २ मिलिमीटर जाडी अशा पाण्यास पुरते. आत शिरलेले थोडे पाणी देहाच्या उबेने कोमट होते. ढगळ पोशाखात मात्र गार पाणी सारखे खेळत राहते.

पोशाख घेताना तो घालून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत. खांद्याशी ओढ बसू नये, पाठीशी पोकळी राहू नये. रबर लवचीक व शिवण पक्की असल्यास गतवर्षीचा, उतरत्या किमतीचा पोशाखही चालतो. वाचकहो, महागड्या पण ढगळ पोशाखापेक्षा नेमका बसणारा साधा पोशाखच समुद्रात ऊब राखतो.