आमचा हरण्या

माणदेशात पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी आणि माळ मात्र अफाट. परंतु याच कोरड्या मुलुखाने खिलार जनावराची जोपासना केली, आणि ज्या घरात गव्हाची पोळी केवळ सणावारी दिसे त्या घराच्या दावणीलाही ताठ मानेची, मागे वळून पुन्हा वर उठलेल्या शिंगांची पांढरी जोडी उभी असे. आमचे गाव दहिवडीच्या पूर्वेला, माण नदीच्या काठी. माझे थोरले चुलते, ज्यांना सारे गाव नाना म्हणून ओळखत असे, ते पिढीजात कुलकर्णी. 1951 साली कुलकर्णी वतने खालसा झाली तेव्हा दप्तराचे रुमाल त्यांनी स्वतःच्या हाताने बांधून कचेरीत जमा केले आणि कोणाविषयी कटू शब्द न काढता ते पूर्णवेळ शेतीला लागले. त्यांचे शिक्षण शेजारच्या औंध संस्थानात झालेले असल्यामुळे सूर्यनमस्काराचा तिथला शिरस्ता त्यांनी म्हातारपणापर्यंत पाळला. एकादशीला मारुतीच्या देवळात त्यांच्या पखवाजावाचून भजन उभे राहत नसे. आणि प्रत्येक नक्षत्राचा पाऊस कसा झाला याची नोंद ते मोडी अक्षरात एका लांबट वहीत करीत. दुपारी सोप्यात बसून घायपाताच्या वाखाचे कासरे आणि दावी वळण्याचा त्यांना नाद होता. परंतु या सर्व छंदांच्या केंद्रस्थानी जनावर होते, आणि जनावरांत हरण्या.

हरण्याला नानांनी 1957 च्या सुमारास खरसुंडीच्या पौषी यात्रेतून आणला. सिद्धनाथाच्या या यात्रेला खिलार जनावरांचा जो बाजार भरतो त्यात खरेदी करणे हे केवळ पैशाचे काम नव्हे, ते नजरेचे काम आहे. नानांनी खोंडाचा ओठ उलटून तो आदत, म्हणजे अजून दुधाच्या दातांचा, असल्याची खात्री केली, अंगावरचे भोवरे पाहिले, खूर काळे आणि मिटलेले आहेत की नाहीत हे वाकून तपासले, शेपटीचा गोंडा हातातून सोडला, आणि सर्वांत शेवटी त्याला मोकळ्या रानात चालवून मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर पडते का, हे न्याहाळले. मग हेड्याचा आणि त्यांचा हात उपरण्याखाली गेला. बोटांच्या पेरांनी किंमत मागितली गेली आणि बोटांच्या पेरांनीच ती उतरली. आकडा शेजारी उभ्या असलेल्या माझ्या वडिलांनाही कळला नाही. खोंड पायी चालवत घरी आणला, तेव्हा काकूंनी त्याच्या पायांवर पाणी घालून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याच्या हरणासारख्या डोळ्यांवरून त्याचे नाव त्याच क्षणी ठेवले.

खिलार जात मूळची तापट. हरण्या परक्या माणसाला फुत्कार टाकून दूर ठेवी. घरच्या गड्यालाही त्याच्या उजव्या अंगाने गव्हाणीपाशी जाण्याची मुभा नव्हती. परंतु दुपारी काकू चतकोर भाकरी घेऊन परसदारी आल्या की हा धिप्पाड प्राणी मान खाली घालून त्यांच्या तळहातावरचा शेवटचा कण जिभेने पुसून घेई, आणि त्यांना काही कामात अडकून उशीर झालाच तर दाव्याला हिसका देऊन शिंग गव्हाणीच्या लाकडावर आपटीत राही. काकूंना पाच अपत्ये. धाकट्याने आवाज केला तर त्या एखादे वेळी दुर्लक्ष करीत, पण गव्हाणीवर शिंग आपटले की हातातले काम टाकून उठत.

त्याचे खरे तेज मोटेवर दिसे. आमच्या विहिरीवर सोंडेची मोट होती. बैल धावेवरून खाली उतरू लागले की भरलेली मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते, आणि मग बैलांना त्याच उतारावरून उलट्या पावलांनी वर यावे लागते. हे मागे सरणे शिकविण्यात नव्या खोंडाबरोबर माणसाची एक सुगी जाते. हरण्याने ते झटकन उचललेच, पण त्याच्याही पुढची गोष्ट तो आपल्या बुद्धीने शिकला. उताराच्या टोकाशी पोहोचताच तो कान मागे वळवून स्तब्ध उभा राही. थारोळ्यात पाणी कोसळल्याचा आवाज कानावर आला की नानांच्या शब्दाची वाट न पाहता त्याचे मागचे पाऊल आपोआप उचलले जाई, आणि एखाद्या खेपेला मोट तिरपी लागून पाणी अर्धेच पडले तर आवाजातला तो फरक ओळखून तो जागचा हलत नसे. नाना नाड्यावर बसलेले, पहाटेची वेळ, त्यांचा अभंग चाललेला. अभंगाचे चरण आणि बैलांच्या खेपा इतक्या एकमेकांत मिसळून गेलेल्या असत की कोण कोणाच्या लयीत चालले आहे हे सांगता आले नसते. त्याचा जोडीदार मोत्या नेहमी डावीकडे आणि हरण्या उजवीकडे. ही जागा बदललेली त्याला कधी खपली नाही.

आषाढात बेंदूर येई. आदल्या सायंकाळी खांदेमळणी: वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना नाना हळद आणि लोणी चोळीत, आणि ते काम त्यांनी कधी गड्यावर सोपविले नाही. दुसऱ्या दिवशी शिंगे साळून त्यांना हिंगूळ, टोकांना पितळी शेंब्या, कपाळाला बाशिंग, आणि पाठीवर काकूंनी जुन्या लुगड्यांच्या काठांतून शिवलेली झूल. घरातल्या प्रत्येक लेकीच्या लग्नातल्या शालूचा एकेक तुकडा त्या झुलीत होता. पुरणपोळीचा पहिला घास बैलांना देईपर्यंत घरात कोणाचे पान मांडले जात नसे, आणि मला वाटते, कोणाच्या अन्नावर आपण जगतो हे आम्हा मुलांना जितके या रिवाजाने शिकविले तितके शाळेतल्या कोणत्याही धड्याने शिकविले नाही.

पुढे विहिरीवर ऑइल इंजिन आले आणि मोट सुटली. मोत्या एका पावसाळ्यात घटसर्पाने गेला. दुसरा बैल जोडीला आणला, पण हरण्याने त्याच्याबरोबर जू घेतले तरी पूर्वीचा जोर लावला नाही. तोही आता वयाकडे झुकला होता, आणि नानांनी त्याला कामातून मोकळा केला.

मग 1972 चा दुष्काळ आला. त्या वर्षीचे वहीचे पान जवळजवळ कोरे आहे. विहिरींनी तळ दाखविला, माळावर काडी उरली नाही, चांगल्या घरांतली माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली, आणि रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरी घरोघर दिसू लागल्या. जनावरांचे बाजार भरत, पण त्यांना बाजार म्हणणे कठीण होते. ज्या बैलांसाठी एकेकाळी सौदे दिवसभर चालत ते लोकांनी कवडीमोलाने दावणीतून सोडले. त्या लोकांना मी दोष देत नाही. पोरांच्या तोंडात घालायला काही नसलेल्या माणसाने जनावर विकले, तर त्याचा न्याय करण्याचा अधिकार कोणालाच नाही. आमच्याही दारात एक हेडा आला आणि म्हणाला, “नाना, म्हाताऱ्या जनावरापायी घरच्या तोंडचा घास कशाला घालवता? मी नेतो.”

नाना दावे वळीत बसले होते. वर न पाहता ते म्हणाले, “त्याची ह्या घरावर पोटगी आहे. सौदा व्हायचा नाही.”

त्याच आठवड्यात हरण्याला आणि दुसऱ्या बैलाला घेऊन ते फलटणकडे पायी निघाले. माझी चुलत बहीण तिकडे नीरेच्या उजव्या कालव्याच्या पट्ट्यात दिलेली. तिथे ऊस होता आणि उसाचे वाडे मिळण्यासारखे होते. वाटेत माळावरच्या मुक्कामी नाना निवडुंगाचे काटे जाळून त्याचे तुकडे बैलांना घालीत, स्वतः मिलोची भाकरी पाण्याशी खात. हरण्या घाट उतरताना बसला, तेव्हा त्याच्या तोंडाला ओले उपरणे लावून ते रात्रभर त्याच्यापाशी थांबले आणि पहाटे त्याला उठवूनच पुढे निघाले. लेकीच्या सासरी जनावरे घेऊन राहणे हा त्या काळी संकोचाचा विषय होता. नाना तिथे गोठ्यात झोपत, शेतावरचे पडेल ते काम करीत आणि वैरणीचा हिशेब लिहून ठेवीत. पुढे दोन साली पीक आल्यावर त्यांनी तो हिशेब ज्वारीच्या रूपाने चुकता केला, आणि व्याही नको नको म्हणत असताही तो त्यांना घ्यायला लावला.

1973 चा पाऊस पडला आणि हरण्या आपल्या पायांनी घरी परतला. त्या वर्षीचा बेंदूर त्याला मिळाला. शिंगांना हिंगूळ आणि पाठीवर तीच झूल. पोळी त्याने निम्मी खाल्ली. दिवाळीच्या आत तो गेला. नानांनी शेताच्या बांधावर, मोटेच्या जुन्या धावेलगत खड्डा घेतला, मीठ घालून त्याला पुरला आणि विहिरीवर अंघोळ करून घरी आले. काकूंनी दुपारी सवयीने चतकोर भाकरी बाजूला काढली होती. ती दुसऱ्या बैलाला दिली.

त्यानंतर नानांनी आणखी दोन जोड्या केल्या. त्यांतली एक दिसायला हरण्याहून देखणी होती आणि तिला गिऱ्हाइकांनी भर रस्त्यात थांबवून किंमत विचारावी इतकी ती उठावदार होती. परंतु गुणाला हरण्याच्या तोडीचा बैल आमच्या दावणीला पुन्हा आला नाही. हे नाना शेवटपर्यंत सांगत, आणि ज्यांनी त्याला मोटेवर पाहिले आहे त्या गावातल्या जुन्या माणसांचेही मत तेच आहे.