हार्लेमची एक तालीम

गेल्या उन्हाळ्यांत धाकट्या चिरंजिवांकडे न्यूयॉर्क शहरीं तीन महिने राहण्याचा योग आला. परदेशांतून परत आलेल्या गृहस्थानें तेथील स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, गगनाला भिडणाऱ्या इमारती आणि कोथिंबिरीच्या जुडीची किंमत यांविषयीं लिहावें असा प्रघात आहे. तो मी मोडीत आहें, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. पुतळा मीं नावेंतून लांबूनच पाहिला. ज्या जागेविषयीं लिहावयाचें मनांत आहे तेथें प्रवाशाला पाहण्याजोगें फारसें कांहींच नाहीं. धांवण्याचें एक रिंगण आणि बसावयास कांहीं बांकें, इतकेंच.

मला पहाटे फिरण्याची जुनी संवय. चिरंजिवांचें बिऱ्हाड सेंट्रल पार्क नांवाच्या विस्तीर्ण उद्यानापासून जवळ असल्यामुळें ती तेथेंही सुटली नाहीं. उद्यानाच्या कडेकडेनें आंतून फिरणारा सुमारें सहा मैलांचा एक रस्ता आहे, आणि त्यावर सूर्योदयापूर्वींपासून माणसांची रीघ लागलेली असते. सर्व वयांचीं, सर्व वर्णांचीं माणसें. कोणी हरिणासारखीं, कोणी माझ्यासारखीं. ऐतरेय ब्राह्मणांत रोहिताला चालत राहण्याचा उपदेश करणारा इंद्र जर त्या रस्त्यावर येता, तर उपदेश करण्यास त्याला कोणी उरलेंच नसतें. या रस्त्यास २०२१ मध्यें टेड कॉर्बिट याचें नांव देण्यांत आलें आहे असें समजलें, तेव्हां मीं सहज विचारलें, "हा कॉर्बिट कोण रे?"

"ठाऊक नाहीं, दादा. कोणी धांवपटू असेल."

चार वर्षें हा मुलगा त्याच रस्त्यावर रोज धांवतो! मास्तराच्या घरांत वाढलेल्या मुलानें असें उत्तर द्यावें याचा थोडा रागच आला. दुसऱ्या दिवशीं मीं हार्लेममधील शोम्बर्ग ग्रंथालयाची वाट धरली. कृष्णवर्णी लोकांच्या इतिहासाचा मोठा संग्रह असलेलें हें ग्रंथालय १३५ व्या रस्त्यावर आहे. पुढें आठ-दहा दिवस माझी दुपार तेथेंच जाऊं लागली, आणि एका माणसाचा शोध घेतां घेतां एका संस्थेचा शोध लागला.

१९३६ सालीं हार्लेममधील जोसेफ यान्सी, रॉबर्ट डग्लस व विल्यम कल्ब्रेथ या तिघां कृष्णवर्णी गृहस्थांनीं 'न्यूयॉर्क पायोनिअर क्लब' स्थापन केला. त्याच वर्षीं बर्लिनच्या ऑलिंपिकांत जेसी ओवेन्स यानें चार सुवर्णपदकें मिळविलीं हें आपल्या शाळांतील मुलांसही पाठ असतें. परंतु त्याच ओवेन्सच्या देशांत श्रीमंत क्रीडामंडळांचीं दारें त्याच्या वर्णाच्या तरुणांस बंद होतीं, हें पाठ्यपुस्तकांत नसतें. 'क्लब' या शब्दानें वाचकांच्या डोळ्यांपुढें वेताच्या खुर्च्या आणि पट्टेवाले उभे राहतील, म्हणून त्यास तालीम म्हणणें अधिक योग्य. यान्सी हे तिचे वस्ताद. येणारा किती वेगानें धांवतो हें पाहून मग त्यास आंत घ्यावयाचें, ही इतर मंडळांची रीत येथें नव्हती. जो येईल तो आपला.

आणि १९४२ मध्यें या मंडळींनीं आपल्या घटनेंत बदल करून वर्ण व धर्म न पाहतां सर्वांनाच सभासद करून घेण्यास आरंभ केला. येथें मी वाचतां वाचतां थांबलों. ज्यांच्या तोंडावर दारें लावलीं गेलीं त्यांनीं आपलें दार मात्र उघडें टाकावें, आणि तेंही महायुद्धाच्या दिवसांत, जेव्हां अमेरिकेच्या सैन्यांतसुद्धां गोऱ्यांच्या व काळ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या! गोरे आले, ज्यू आले, आणि हार्लेमच्या वस्तादाच्या हाताखालीं एकत्र धांवूं लागले.

या तालमींत १९४७ मध्यें टेड कॉर्बिट दाखल झाला. त्याचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजीं दक्षिण कॅरोलायनांतील डनबार्टन या गांवीं झाला. तो गुलामांचा नातू. तें गांवही आज नकाशावर उरलेलें नाहीं. अण्वस्त्रांचीं द्रव्यें तयार करणारा कारखाना काढण्यासाठीं सरकारनें १९५० नंतर तेथील सारी वस्तीच उठविली. कॉलेजांत असतांना, गोरे विद्यार्थी आपल्याबरोबर धांवण्यास तयार नाहींत एवढ्याच कारणावरून कांहीं शर्यतींतून त्यास वगळण्यांत आलें. पुढें अंगमर्दन व व्यायाम यांनीं रोग्यांस बरें करण्याची विद्या शिकून तो न्यूयॉर्कांत नोकरी करूं लागला, आणि घरापासून कामावर दहा-बारा मैल धांवत जाऊं लागला. १९५२ मध्यें हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत तो मॅरेथॉन धांवला. त्या शर्यतींत अमेरिकेच्या वतीनें उतरलेला हा पहिला कृष्णवर्णी पुरुष. क्रमांक चव्वेचाळिसावा लागला.

याच हेलसिंकींत आपल्या खाशाबा जाधवांनीं कुस्तीचें कांस्यपदक मिळविलें, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. खाशाबांच्या प्रवासासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. शिक्षक म्हणून जन्म काढलेल्या माणसास ही गोष्ट ऐकतांना अभिमान वाटतो. मला अभिमानाबरोबर आणखीही कांहीं वाटतें. तें पुढें सांगतों.

एके रविवारीं मी जागा पाहावयास निघालों. हार्लेमच्या उत्तर टोंकास १५५ व्या रस्त्यावरून एक उंच पूल हार्लेम नदी ओलांडून ब्राँक्स भागांत उतरतो. हा मॅकोम्ब्स डॅम पूल १८९५ सालचा, लोखंडी, आणि जहाजांस वाट देण्यासाठीं मधोमध फिरणारा. पलीकडे यांकी स्टेडियम हें बेसबॉलचें अवाढव्य क्रीडागार दिसतें, आणि त्याच्या शेजारीं मॅकोम्ब्स डॅम उद्यान. पायोनिअर क्लबाची मंडळी येथें सराव करीत. १९५८ मध्यें येथीलच एका लहानशा घरांत चाळीसएक माणसें जमलीं आणि त्यांनीं रस्त्यावर धांवणारांची एक संघटना काढली. बहुतेक मंडळी पायोनिअर क्लबाचीच होती. पहिला अध्यक्ष कॉर्बिट. हिलाच पुढें 'न्यूयॉर्क रोड रनर्स' हें नांव मिळालें, व हिनेंच १९७० मध्यें सेंट्रल पार्कांत पहिली न्यूयॉर्क मॅरेथॉन भरविली. एक डॉलर प्रवेशशुल्क, १२७ धांवणारे, आणि शेवटपर्यंत पोंचलेले ५५! आतां त्या शर्यतींत पन्नास हजारांहून अधिक लोक अंतिम रेषा ओलांडतात.

जुनें रिंगण मात्र मला पाहावयास मिळालें नाहीं. २००९ मध्यें उघडलेलें नवें स्टेडियम त्या उद्यानाच्या जागेवरच उभें राहिलें. त्याच्या बदल्यांत जवळच नवें रिंगण बांधून दिलें असून त्यास जोसेफ यान्सींचें नांव आहे. बांकावर बसून मी तेंच पाहत राहिलों.

कॉर्बिटनें किती शर्यती जिंकल्या हें सांगत बसत नाहीं. वयाच्या ५४ व्या वर्षीं त्यानें इंग्लंडांत चोवीस तासांत १३४ मैलांहून अधिक अंतर तोडलें, आणि ८२ व्या वर्षीं सहा दिवसांत ३०३ मैल चालून दाखविले, एवढें पुरे. परंतु माझ्या मतें त्याचें थोर कार्य निराळेंच आहे. त्या काळीं अमेरिकेंत रस्त्यावरील शर्यतीचें अंतर मोटारगाडीच्या मीटरवरून ठरवीत. छत्तीस प्रकारच्या गाड्या आणि छत्तीस प्रकारचे मीटर! कोणाची मॅरेथॉन अर्धा मैल लांब, कोणाची तितकीच आंखूड. मग कोणाची वेळ खरी मानावयाची? कॉर्बिटनें इंग्लंडांतील मोजणीच्या पद्धतींचा अभ्यास करून १९६४ मध्यें रस्ते मोजण्याविषयीं एक पुस्तिका लिहिली. आधीं पोलादी टेपानें एक सरळ अंतर बिनचूक आंखून घ्यावयाचें. त्यावरून सायकल चालवून चाकाचे किती फेरे होतात तें मोजावयाचें. आणि मग त्याच सायकलनें शर्यतीचा सारा रस्ता, वळणावळणाला धांवणारा जी जवळांत जवळची वाट धरील त्या वाटेनें, फेरे मोजीत जावयाचा. ऊन-थंडीनें चाकांतील हवा कमी-अधिक होते, म्हणून मोजणीनंतर तें सरळ अंतर पुन्हां एकदां तपासावयाचें. हीच रीत सुधारत जाऊन आज जगभर रूढ आहे.

मी संस्कृताचा विद्यार्थी. भास्कराचार्यांच्या लीलावतींत आठ यवांचें एक अंगुल, चोवीस अंगुलांचा हस्त, चार हस्तांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश अशी मापांची शिडी प्रारंभींच दिली आहे, आणि ती मीं मुलांकडून कित्येक वर्षें घोकून घेतली. त्या घोकंपट्टीच्या गुरुजींनींच एकदां रस्ता मोजला नाहीं, ती हकीकत अशी.

पस्तीस वर्षांपूर्वीं मी ज्या गांवीं शिक्षक होतों तेथें दरवर्षीं शाळेची पांच किलोमीटरची धांव होत असे. शाळेपासून जकात नाक्याच्या पिंपळापर्यंत व परत. घड्याळ माझ्या हातीं असे. एका वर्षीं गांवाबाहेरच्या वस्तीवरचा एक मुलगा अनवाणी धांवून पहिला आला, आणि घड्याळांतील वेळ पाहून मला माझेंच खरें वाटेना. ती वेळ जिल्ह्यास कळविली असती तर त्याची निवड निश्चित होती. परंतु वरिष्ठ म्हणाले, "अंतर कमी भरत असेल. उगाच शाळेचें हसें नको." त्याच्या आदल्या वर्षीं त्याच रस्त्यावर एका वकिलांच्या मुलाची वेळ आम्हीं बिनदिक्कत कळविली होती. तेव्हां अंतर कोणास सुचलें नाहीं. मलाही नाहीं. मुलगा दुसऱ्या दिवशीं माझ्याकडे येऊन दाराबाहेरच उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, रस्ता मोजूं या का?" माझी सायकल ओसरीवर टेंकलेली होती. तासाभराचें काम. मीं म्हटलें, "पुढच्या वर्षीं पाहूं." पुढच्या वर्षीं तो शाळेंत नव्हता.

खर्डेकरांनीं घर गहाण टाकलें. माझ्याजवळ कोणीं घर मागितलें नव्हतें.

असो. अशा तालमींची गरज आतां संपली असेल, असें मला वाटत होतें. तसें नाहीं. २००४ मध्यें डॅलस शहरीं टोनी रीड व शार्लट सिमन्स यांनीं कृष्णवर्णी मॅरेथॉनपटूंची एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली. दरसाल एखाद्या शहराची शर्यत ठरवून देशभरांतील सभासदांनीं तेथें जमावयाचें, शाळकरी धांवपटूंस शिष्यवृत्त्या द्यावयाच्या, आणि विसरल्या गेलेल्या पूर्वसूरींचा सन्मान करावयाचा, असा तिचा क्रम. मॅरिलिन बेव्हन्स यांचें नांव मीं तेथेंच प्रथम वाचलें. तीन तासांच्या आंत मॅरेथॉन पुरी करणारी अमेरिकेची ही पहिली कृष्णवर्णी स्त्री; १९७७ मध्यें बॉस्टनला दुसरी आली. बरोबरीनें धांवणाऱ्यांचा आधार किती मोलाचा, हें २०२० च्या फेब्रुवारींत जॉर्जिया राज्यांत कळून आलें. अहमद आर्बरी हा पंचवीस वर्षांचा तरुण रस्त्यानें एकटा धांवत असतां तिघां गोऱ्यांनीं गाड्यांतून पाठलाग करून त्यास घेरलें, व त्यांपैकीं एकानें गोळी घालून ठार केलें. त्या तिघांस पुढें जन्मठेप झाली. ही हकीकत सूनबाईंना सांगितली तेव्हां त्या म्हणाल्या, "मामंजी, हे रोज पहाटे अंधारांत एकटेच जातात." नंतर कोणी बोललें नाहीं.

त्या रविवारीं मी बांकावर बसलों असतांना रिंगणावर दहा-बारा कृष्णवर्णी स्त्रियांचा एक मेळा धांवत होता. कोणी तरुण, कोणी माझ्या वयाच्या. बहुतेकींच्या फेऱ्या संपल्या, तरी त्या निघेनात. पाण्याच्या बाटल्या घेऊन रेषेपाशीं उभ्या राहिल्या. एक स्थूल बाई मागें राहिली होती आणि तिच्या दोन फेऱ्या बाकी होत्या. माझ्या शेजारीं एक वृद्ध कृष्णवर्णी गृहस्थ गळ्यांत घड्याळ अडकवून बसले होते. त्यांनीं मला विचारलें, "आपण धांवतां काय?" मीं म्हटलें, "नाहीं. मी शाळेंत वेळ लावीत असें." ते हसले आणि गळ्यांतलें घड्याळ काढून त्यांनीं माझ्या हातीं दिलें. "मग हिची लावा," म्हणाले, "मी जरा उभा राहतों."

बाई रेषेवर आली तेव्हां मीं कळ दाबली आणि आंकडा मोठ्यानें वाचून दाखविला. त्यांनीं तो वहींत जसाच्या तसा टिपून घेतला.

स्वदेशीं परत आल्यावर मी त्या गांवीं जाऊन आलों. रस्ता चौपदरी झाला आहे, जकात नाका केव्हांच उठला, आणि पिंपळ कोठें होता हें नक्की सांगणारा कोणी भेटला नाहीं. त्या मुलाचा, म्हणजे आतांच्या पन्नाशीच्या गृहस्थाचा, पत्ता एका जुन्या सहकाऱ्यानें मिळवून दिला. त्यास पत्र टाकलें आहे. अद्याप उत्तर नाहीं.