दुसऱ्याच्या अक्षरातली पत्रं

येरवड्याहून आबांचं पहिलं पत्र आलं, ते त्यांच्या हातचं नव्हतं. आबांना जेमतेम सही यायची. विहिरीच्या पाळीवरून भावकीत भांडण पेटलं, आबांच्या काठीने एक माणूस गेला आणि कलम ३०४ खाली त्यांना दहा वर्षांची सक्तमजुरी लागली. मी तेव्हा पाचवीत होते. कारागृहाचा शिक्का असलेलं ते आंतर्देशीय पत्र आईने मला वाचायला दिलं. अक्षर टपोरं होतं. तळाशी लिहिलं होतं, ‘लिहून देणार : मास्तर. थोडी कळ काढा, पुढे आबाच लिहितील.’

मास्तर जन्मठेपेचे कैदी. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. बारावी झालेला शेतकरी माणूस. बांधाच्या वादात चुलतभावाला मी मारलं, असं ते स्वतःच सांगत. संध्याकाळी टोटल, म्हणजे कैद्यांची मोजणी, होऊन बराक बंद झाली, की त्यांची शाळा भरायची. पाण्यात बोट बुडवून फरशीवर अक्षर काढायचं आणि ते वाळायच्या आत शेजारच्याने वाचायचं. आबा पन्नाशीला आलेले, पण असंच बाराखडीपासून शिकले.

संचित रजेचे, अपिलाचे अर्ज लिहून घ्यायलाही सगळे त्यांच्याकडेच यायचे. तिथे माणूस स्वतःची ओळख कलमाने सांगायचा : मी तीनशेदोनवाला, तो तीनशेचारवाला. मास्तर कलम ऐकून घेत आणि विचारत, “गेलेल्याचं नाव काय? मागे कोण कोण आहे?” याचं उत्तर मिळाल्याशिवाय ते पेन उघडत नसत. काही जण चिडून उठून जायचे, चार दिवसांनी परत यायचे. आबांच्या तोंडून ते नाव निघायला फार दिवस लागले. आमच्याही घरात ते कुणी घेत नव्हतं, आणि त्या माणसाची बायको आमच्यापासून चार घरं सोडून राहत होती.

आबांचं स्वतःच्या हातचं पहिलं पत्र आलं, त्यात वेलांट्या चुकलेल्या होत्या. मधेच एक वाक्य होतं : ‘त्यांच्या पोरांची शाळा चालू आहे का बघ.’ आई भडकली. आपलं घर उघड्यावर पडलंय आणि ह्यांना त्यांची पोरं सुचतात! मला मात्र त्या दिवशी वडील परत मिळाले. ते मास्तरांमुळे, हे मी आजही मानते.

खुनाच्या जन्मठेपेत कायद्याने किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढावी लागतात. त्यातली शेवटची काही वर्षं मास्तरांना आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला पाठवलं. औंध संस्थानाने १९३९ साली वसवलेली ही कैद्यांची खुली वसाहत. ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट तिच्यावरूनच सुचला. तिथे कैदी शेती करतो, बायकापोरांना जवळ ठेवू शकतो. आबा सुटल्यावर आम्ही दोघं भेटायला गेलो. मास्तरांकडे कुणीच राहायला आलेलं नव्हतं. खोलीपुढे मेथीचे वाफे होते, आणि आम्ही बसलेलो असतानाच ते एका नव्या कैद्याच्या मुलीला पाढे म्हणायला लावत होते.

गावी रजेवर का जात नाही, असं मी विचारलं. एकदा अर्ज केला तेव्हा पोलीस चौकशीत त्या चुलतभावाच्या बायकोने ‘तो गावात नको’ असं सांगितलं होतं. “तिचं बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. पुन्हा त्यांनी गावाच्या नावाने अर्ज केला नाही. पश्चात्तापावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. माझा विश्वास बसला तो या न केलेल्या अर्जावर.

घरी आल्यावर मी त्यांना भलंमोठं पत्र लिहिलं, उपकार कसे फेडू वगैरे. उलट टपाली उत्तर आलं : ‘चि. ताईस अनेक आशीर्वाद. फेडण्याचं राहू दे. येरवड्यात तुझ्याच तालुक्यातला एक पोरगा आहे. आई आजारी, रजा हवी, पण मामा जामीन राहत नाहीत. जाऊन बघ.’ खाली मामांच्या गावाचं नाव.

एसटीने गेले. मामांनी आधी दारातूनच परत पाठवलं. पुन्हा गेले तेव्हा म्हणाले, “रजा संपल्यावर तो माघारी गेला नाही तर? हमी कोण घेणार?” मी मास्तरांचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, “पोलीस ठाण्यात तुम्ही बरोबर येणार असाल तर चला.”