आगगाडीशीं शर्यत

शाळेंत असतां वीस-पंचवीस वर्षें वार्षिक क्रीडास्पर्धांची व्यवस्था माझ्याकडे असे. संस्कृत शिकविणाऱ्या मास्तराकडे हें काम कां यावें, याचें उत्तर इतकेंच कीं, तें दुसरें कोणी घेत नसे. त्या काळांत एक गोष्ट मला नेहमीं खटके. शंभर मीटर धांवण्यास चाळीस मुलें उभीं राहत, बक्षिसें तीन. पुढल्या वर्षीं त्याच मुलांतून पंधरा नांवें येत, आणि त्याच्या पुढल्या वर्षीं जेमतेम पांच-सहा. उरलेलीं मैदानाच्या कडेला बसून शेंगा खात आणि टाळ्या वाजवीत. 'स्पर्धा' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ धातुपाठांत 'संघर्ष' असा दिला असून, दुसऱ्याला खालीं पाडण्याची इच्छा, असा त्याचा उलगडा टीकाकार करतात. मुलांना व्याकरण ठाऊक नसलें तरी हा अर्थ त्यांना बरोबर कळला होता, आणि ज्यांना पडावयाचें नव्हतें तीं कडेला जाऊन बसलीं होतीं.

गेल्या मे महिन्यांत माझें चिरंजीवांकडे अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत राहणें झालें. तेथें एके दिवशीं जेवतांना सूनबाईंनीं जाहीर केलें, "बाबा, मी आगगाडीशीं शर्यत लावणार आहें." मला प्रथम तें थट्टेचें बोलणें वाटलें. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, डिसेंबरांतच तिनें नांव नोंदविलें होतें, शुल्क भरलें होतें, आणि चिरंजीवांना ही गोष्ट माझ्या आधीं फार तर आठवडाभर ठाऊक होती.

त्या संस्थानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत ड्युरँगो नांवाचें शहर आहे. १८८० सालीं रेल्वे कंपनीनेंच तें वसविलें आणि १८८२ सालीं तेथून सिल्व्हरटन या खाणींच्या गांवापर्यंत, अॅनिमास नदीच्या दरींतून, ४५ मैलांचा लोहमार्ग नेला. रूळ तीन फूट रुंदीचे. आपल्या माथेरानच्या गाडीचे दोन फूट, यावरून वाचकांना अंदाज यावा. उद्देश डोंगरांतील रुपें व सोनें खालीं आणण्याचा. सिल्व्हरटनची शेवटची मोठी खाण १९९१ सालीं बंद पडली. आतां ही गाडी प्रवाशांनाच वाहते आणि गांव त्यांच्यावर जगतें. कांहीं गाड्या अजून वाफेच्या इंजिनावर चालतात. मात्र ठिणग्यांनीं रानाला आग लागण्याचें भय असल्यामुळें इंजिनांत कोळशाऐवजीं तेल जाळतात. वर जाण्यास गाडीला सुमारें साडेतीन तास लागतात.

त्याच दोन गांवांमधून डोंगरावरून एक सडक जाते. १९७१ च्या सुमारास त्या गाडीवर ब्रेक संभाळणारा जिम मेयर नांवाचा एक तरुण होता. त्याचा भाऊ टॉम सायकलवाला. गाडीच्या आधीं सिल्व्हरटनला पोहोंचून दाखवितों, असा पण त्यानें भावाशीं लावला आणि जिंकला. भावाभावांतील असले पण घरोघर होतात आणि विसरलेही जातात. पण एड झिंक नांवाच्या तेथल्याच एका तरुणानें ही गोष्ट मनांत धरली आणि १९७२ सालीं त्या पणाची शर्यत भरविली. ३६ स्वार आले. पुढें सायकलींचें दुकान संभाळून त्यानें ही शर्यत जन्मभर वाढविली. २०१९ सालीं तो वारला, तोंवर दर मे अखेरच्या सुटींत त्या गांवांत दोन-अडीच हजार स्वार जमूं लागले होते. १९९० सालीं डोंगरी सायकलींचें पहिलें अधिकृत जागतिक अजिंक्यपद त्याच ड्युरँगोंत झालें, त्याच्या व्यवस्थेंतही हा गृहस्थ होता.

व्यवस्था हा माझा जुना विषय असल्यामुळें मीं आदल्या दिवशीं नोंदणीच्या मांडवांतील एका वृद्ध स्वयंसेवकाला गांठून दोन तास प्रश्न विचारले. सडक ही दोन गांवांमधील एकच. ती बंद ठेवावयाची म्हणजे सरकारची संमति, पोलीस, आणि वरच्या गांवांतील रहिवाशांची समजूत. घाटांत मेअखेरही बर्फ पडूं शकतें, म्हणून पहाटे वरून खबर आल्यावांचून कोणास सोडीत नाहींत. प्रसंगीं मार्ग आखूड करावा लागतो. रूळ एके ठिकाणीं सडक ओलांडतो, तेथें गाडी आणि स्वार यांची गांठ पडूं नये असा हिशेब. वाटेंत पाणी, फळें, डॉक्टर. ठराविक वेळेपर्यंत ठराविक ठाण्यावर न पोहोंचणाऱ्याला उतरवून मोटारींत बसवावयाचें. कारण सडक जन्मभर बंद ठेवतां येत नाहीं. आणि वर गेलेलीं हजारों माणसें व सायकली पुन्हां खालीं आणावयाच्या! शर्यत भरविणारे बहुधा या शेवटच्या कलमावर बुडतात. मीं स्वतः एकदां मुलांना टेकडीवर नेलें होतें. वर नेण्याची योजना दोन ओळींत झाली, खालीं आणण्याला वहीचीं चार पानें लागलीं.

"इतकें सारें पहिल्या येणाऱ्या दहा जणांसाठीं करतां?" असें मीं विचारलें. तो हंसला. म्हणाला, पहिले दहा जण दोन तासांच्या आंतबाहेर पोहोंचून जेवायलाही बसलेले असतात. बाकीच्यांना त्यांचीं नांवेंही ठाऊक नसतात. बाकीचे येतात ते गाडीसाठीं.

या उत्तरांत मला माझ्या मैदानावरचें कोडें उलगडलेलें दिसलें. आपल्याकडे मुंबई-पुणें सायकल शर्यत आहे. बोरघाट प्रथम चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, आणि तो मान मोठाच आहे. पण राजा एकच होणार. गाडीशीं शर्यत म्हणजे मॅट्रिकची परीक्षा. तेथें पहिला नंबर असतो खरा, परंतु पस्तीस गुण मिळविणाऱ्याला त्याच्याशीं कांहीं कर्तव्य नसतें, आणि एकाच्या उत्तीर्ण होण्यानें दुसऱ्याची जागा जात नाहीं. सारेच उत्तीर्ण होऊं शकतात. मुख्याध्यापक तेवढे चकित होतील. आणि परीक्षक तरी कसा! इंजिन कोणाच्या ओळखीचें नाहीं, तें कोणावर रागावत नाहीं, कोणाला पाडूं इच्छीत नाहीं. तें आपल्या चालीनें चढतें. त्याच्याकडून हरण्यांतही अपमान नाहीं.

सूनबाईंची अडचण अशी कीं, तिची सायकल जाड चाकांची, रानवाटांवर चालवावयाची. सडकेवर ती जड जाते. ड्युरँगो शहरच ६,५०० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून हजार फूट उंच. तेथून सत्तेचाळीस मैलांत दोन घाट, कोल बँक १०,६४० फूट व मोलास १०,९१० फूट. मग ९,३०० फुटांवरील सिल्व्हरटनला उतार. हवा विरळ. सकाळीं तिनें खिशांत खजूर व चिक्की भरली, मला वांकून नमस्कार केला, आणि ती गर्दींत दिसेनाशी झाली.

सडक बंद असल्यामुळें वर जाण्याला मला गाडीवांचून मार्ग नव्हता. तेव्हां सुनेच्या प्रतिपक्षाच्या डब्यांत बसून मी निघालों. दरींत सडक व रूळ कांहीं मैल शेजारीं चालतात; प्रवासी खिडक्यांतून ओरडत होते, स्वार हात हालवीत होते. मीं शेंकडों शिरस्त्राणें न्याहाळलीं. आमचें पिवळें कांहीं दिसलें नाहीं. पुढें सडक डोंगरावर निघून गेली आणि गाडी नदीच्या वर कड्याच्या कांठानें अगदीं हळूं चालूं लागली. देखावा अप्रतिम होता असें सर्व म्हणत होते. मी घड्याळाकडे पाहत होतों. सबंध आयुष्यांत आपली गाडी उशिरा पोहोंचावी असें मला त्याच दिवशीं वाटलें. इंजिन पाणी घेण्याला थांबलें, तेव्हां शेजारचा गृहस्थ कुरकुरला आणि मला त्या टाकीच्या धन्याचे आभार मानावेसे वाटले.

गाडी वेळेवर पोहोंचली. सिल्व्हरटन हें पांच-सहाशें वस्तीचें गांव, त्या दिवशीं जत्रेसारखें भरलेलें. मी शेवटच्या दोरीपाशीं जाऊन उभा राहिलों. मोलासच्या बाजूला ढग उतरले होते. कोणी साठी उलटलेले, कोणी जोडप्यानें, एक जण एका पायाचा, असे लोक येत होते. पोहोंचतांच प्रत्येक जण आधीं स्टेशनाकडे पाही आणि मग घड्याळाकडे. तिला वाटेंत उतरवून घेतलें असेल, ही शंका मीं पांच वेळां मनांतून काढली.

ती आली तेव्हां ओठ निळे पडले होते. सायकल भिंतीला टेकून तिनें विचारलें, "गाडी?"

"येऊन चवदा मिनिटें झालीं."

"म्हणजे नापास."

"चवदा गुणांनीं," मी म्हणालों, आणि माझी शाल तिच्या अंगावर घातली. परततांना मोटारींत ती बसल्याजागीं झोंपली. सायकली मागून मालमोटारीनें आल्या, आणि एकही हरवली नाहीं, हें मीं मुद्दाम पाहिलें.

या डिसेंबरांत तिचा फोन आला. पुन्हां नांव नोंदविलें आहे. हलकी सायकल घे, असें चिरंजीव म्हणतात. ती ऐकत नाहीं. मला तिनें एवढेंच विचारलें कीं, गाडी पाण्याला नेमकी किती मिनिटें थांबली होती.