ढग, काच आणि कॅमेरा

बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकातून होसूर रस्त्याला लागलं, की गाडी उड्डाणपुलावर चढते. जवळपास दहा किलोमीटर लांबीचा हा पूल २०१० च्या जानेवारीत सुरू झाला. खाली ट्रक, बस आणि रिक्षांची झुंबड, तर वर सरळसोट रस्ता आणि मोकळं आभाळ. पूल उतरला, की आलीच इलेक्ट्रॉनिक सिटी. काचेच्या इमारती, कातरलेली हिरवळ, इन्फोसिसच्या आवारातला तो प्रसिद्ध काचेचा पिरॅमिड. पाहुण्याचा हात आपसूक खिशातल्या मोबाइलकडे जातो आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक तितक्याच आपसूक हात वर करतो. कंपन्यांच्या आवारात फोटोला मनाई!

सत्तरच्या दशकापर्यंत इथे कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांची शेतं होती. कर्नाटक सरकारच्या 'केओनिक्स' या महामंडळाने १९७८ मध्ये ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांची वसाहत वसवायला घेतली. महामंडळाचे प्रमुख आर. के. बाळिगा यांनी बंगळूरला भारताची सिलिकॉन व्हॅली करण्याचं स्वप्न पाहिलं होतं. १९८१ मध्ये पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली आणि १९९४ मध्ये तिने इथे बस्तान बसवलं. पुणेकरांना ती हळहळ अजून आहे. मात्र पुण्या-कोल्हापूरची, नाशिक-नागपूरची कितीतरी मुलं-मुली नोकरीच्या निमित्ताने याच वस्तीत येऊन राहिली.

या तरुण मंडळींचा एक आवडता उद्योग म्हणजे फोटोग्राफी. पगार हाती आला, की बरेचजण आधी चांगला कॅमेरा घेतात. रविवारी पहाटे रस्ते मोकळे असतात, तेव्हा हेब्बगोडीच्या तलावावर, बेगूरच्या जुन्या देवळाशी किंवा पुलाखालच्या खांबांपाशी गळ्यात कॅमेरा अडकवलेली माणसं दिसतात. फोटो सुरेख येतात, यात शंका नाही. पण दहाजणांचे फोटो शेजारी ठेवले, तर कोणता कुणाचा हे सांगता येऊ नये. तोच सूर्योदय, तीच काच, तेच काचेतलं आभाळ. 'फोटो छान आला' आणि 'ही कला आहे' यांत काय फरक, हा प्रश्न मग सुचतोच. तो प्रश्न कॅमेऱ्याइतकाच जुना आहे. त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा तर याच बंगळूर शहरात घडला.

आधी थोडं मागे जायला हवं. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची फोटोग्राफी जाहीर झाली आणि चित्रकारांच्या पोटात गोळा आला. यंत्र जर हुबेहूब चेहरा उतरवणार, तर कुंचल्याचं काम काय? फ्रेंच कवी बोदलेअरने १८५९ मध्ये तर फोटोग्राफीने कला आणि विज्ञान यांची सेवा करावी, कलेच्या आसनावर बसू नये, असं ठणकावलं. आपल्याकडे हे नवं यंत्र झपाट्याने आलं. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय तिचे सभासद होते. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर फोटोग्राफीचा व्यवसायच थाटला. कला की कारागिरी या वादात पडण्यापेक्षा मुंबईकरांनी सरळ कॅमेरा हातात घेतला, हे बरंच झालं म्हणायचं.

त्याच सुमारास बंगळूरच्या लष्करी छावणीत एक इंग्रज अधिकारी होता, लिनियस ट्राइप. रजेवर मायदेशी गेला असताना तो फोटोग्राफी शिकला आणि १८५४ मध्ये परत आला. आल्या आल्या डिसेंबरमध्ये एका डॉक्टर मित्राबरोबर हळेबीड आणि बेलूरच्या देवळांचे फोटो घ्यायला निघाला. १८५५ मध्ये सरकारने त्याला ब्रह्मदेशाच्या राजाकडे निघालेल्या शिष्टमंडळाबरोबर धाडलं. पावसापाण्यात, आजारपणात त्याने दोनशेंवर निगेटिव्ह तयार केल्या आणि त्या घेऊन तो बंगळूरला परतला. इथे बसून त्याने १२० चित्रांचे पन्नास संच छापले. म्हणजे सहा हजार छायाचित्रं, तीही एकेक करून उन्हात कागद ठेवून! आजच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत एवढे फोटो एखाद्याच्या फोनमध्ये सहज असतात, ते सोडा.

पण खरी गंमत पुढेच आहे. ट्राइपच्या निगेटिव्ह काचेच्या नव्हत्या. मेण चोळलेल्या कागदाच्या होत्या. त्या काळची रसायनं निळ्या रंगाला इतकी हळवी, की आभाळाचा भाग गरजेपेक्षा जास्त उजळून जाई आणि छापलेल्या चित्रात आभाळ कोरं पांढरंफटक येई. ब्रह्मदेशच्या पावसाळ्यातले ते गच्च ढग कागदावर उमटतच नसत. मग ट्राइपने काय करावं? रंग घेऊन निगेटिव्हवर हाताने ढग रंगवले. कुठे झाडांची पानंही सुधारली. सरकारला हवी होती नोंद. कुठे कोणती इमारत आहे, केवढी आहे, एवढंच. त्या नोंदीत ढग नसते तर कुणाचं काही अडलं नसतं. पण कोऱ्या आभाळाखालचा पॅगोडा त्याला खोटा वाटला असणार.

ही लबाडी म्हणायची, की कला? १८६० च्या सुमारास मद्रास सरकारने हा सगळा खर्चिक कारभार बंद केला आणि ट्राइपची फोटोग्राफी जवळजवळ संपली. सरकारी खात्यांनी पुढे नेहमी जे केलं तेच! आज मात्र ट्राइपची ती छायाचित्रं जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत कलाकृती म्हणून टांगली जातात.

तिकडे पाश्चात्त्य देशांत पुढची चाळीस-पन्नास वर्षं छायाचित्रकार चित्रकारांची नक्कल करत राहिले. भिंग मुद्दाम धूसर करायचं, छपाईत ब्रशचे फटकारे आणायचे, पाच निगेटिव्ह जोडून एक करुण प्रसंग उभा करायचा. न्यूयॉर्कचा आल्फ्रेड स्टिगलिट्झ या सगळ्यांचा पुढारी. १९०५ मध्ये त्याने फिफ्थ अॅव्हेन्यूवर लहानसं कलादालन काढून तिथे छायाचित्रं थेट चित्रांच्या पंगतीला बसवली. नंतर हाच गडी नकलेला कंटाळला. फोटोने फोटोसारखंच दिसावं, असं म्हणू लागला. त्याच्या व्यक्तिचित्रांची जादू समोर बसलेल्या माणसांमुळे आहे, अशी टीका झाली, तेव्हा १९२२ पासून त्याने कॅमेरा आभाळाकडे वळवला आणि अनेक वर्षं नुसते ढग टिपले. ढग काही त्याच्या ओळखीचे नव्हते, ते सगळ्यांसाठी सारखेच होते. तरी ती चित्रं त्याचीच वाटतात. ट्राइपला जे ढग मिळत नव्हते, त्यांनीच फोटोग्राफीची बाजू मांडली! १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी लख्ख, रेखीव छायाचित्रांचा गट काढला आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फोटोग्राफीचा स्वतंत्र विभागच सुरू झाला.

भारतात हे काम हौशी मंडळींनी केलं. बंगळूरच्या जी. थॉमस यांनी पुढाकार घेतला आणि १९५३ मध्ये देशभरच्या फोटोग्राफी क्लबांचा महासंघ उभा राहिला. टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारखे वन्यजीव छायाचित्रकार याच शहरातले. म्हैसूरचे टी. एस. सत्यन वृत्तपत्रांसाठी फोटो काढत, पण त्यांच्या चित्रांतली साधी माणसं बातमी शिळी झाल्यावरही ताजीच राहिली.

इलेक्ट्रॉनिक सिटीतून हे सगळं पाहायला जाणं आता सोपं झालं आहे. १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. इलेक्ट्रॉनिक सिटी स्थानकावर बसायचं, आर. व्ही. रोडला उतरून हिरवी गाडी पकडायची, मॅजेस्टिकला जांभळी, आणि कब्बन पार्कला उतरायचं. तिथून कस्तुरबा रोड जवळच. त्या रस्त्यावर पाण्याच्या टाकीसारखी दिसणारी पोलादी पत्र्यांची पाच मजली इमारत आहे. तेच कला आणि छायाचित्रण संग्रहालय, ज्याला बंगळूरकर 'मॅप' म्हणतात. अभिषेक पोद्दार या उद्योजक-संग्राहकाच्या पुढाकारातून उभं राहिलेलं हे संग्रहालय फेब्रुवारी २०२३ मध्ये खुलं झालं. नावातच छायाचित्रण आहे, यावरून त्याचा कल लक्षात यावा.

संग्रहालय खुलं झालं तेव्हाच्या प्रदर्शनांपैकी एक होतं ज्योती भट्ट यांच्या छायाचित्रांचं. भट्ट मूळचे भावनगरचे. बडोद्याच्या कलाशाखेत नावाजलेले चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६७ मध्ये एका परिसंवादासाठी गुजरातमधल्या लोककलेचे फोटो घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. काम तसं हिशेबाचं. कोणत्या गावात भिंतीवर काय चितारलं आहे, त्याची नोंद. पण भट्ट खेड्यात गेले आणि तिथेच अडकले. शेणामातीने सारवलेल्या भिंतींवर बायकांनी काढलेले मोर, घोडे, वेली त्यांना दिसल्या. त्या भिंतीला टेकून बसलेली म्हातारी, दारातलं पोर, दावणीची शेळीही त्याच चौकटीत आली. चित्र आणि चित्र काढणारं घर एकत्र. अशी वर्षानुवर्षं ते राज्याराज्यांतून हिंडले.

मग घरं पक्की होत गेली. सिमेंटच्या भिंतीवर कोण सारवणार आणि कोण मोर काढणार? त्यांतल्या कितीतरी भिंती आता नाहीत, भट्ट यांचे फोटो तेवढे उरले. 'नोंद' म्हणून घेतलेला फोटो 'कला' केव्हा झाला, याची तारीख कुणाला देता येणार नाही. पण या चित्रांपुढे उभ्या राहिलेल्या मराठी माणसाला आपल्या आजोळचं सारवलेलं अंगण आणि त्यावरची रांगोळी आठवल्याशिवाय राहणार नाही. आणि दोड्डतोगूरच्या अंगणांचे असे फोटो १९७८ च्या आधी कुणी काढून ठेवले असते तर, असंही मनात येतं.

बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी वेगळीच वाट धरली. त्या मूळच्या शिल्पकार. २००० ते २००४ या काळात त्यांनी याच शहरातल्या छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर दक्षिण भारतीय स्त्रियांची एक छायाचित्रमाला केली. रंगवलेले पडदे, भाड्याच्या नाटक कंपनीसारखा थाटमाट आणि प्रत्येक चित्रात नायिका खुद्द पुष्पमाला! कुठे त्या राजा रविवर्म्याची कमळावर उभी लक्ष्मी होतात. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याने असल्याच तसबिरी मराठी घरांच्या देवघरांत पोहोचवल्या, त्यामुळे ही लक्ष्मी ओळखीची. पण पुढच्याच चित्रात इंग्रज अंमलदारांनी चौकटी आखलेल्या पडद्यापुढे मोजमापासाठी उभी केलेली तोडा जमातीची स्त्री दिसते. तिसऱ्यात वर्तमानपत्रात छापून आलेल्या, पोलिसांनी पकडलेल्या मुली. देवीपासून गुन्हेगारापर्यंत सगळ्या एकाच चेहऱ्याच्या. आधी हसू येतं. मग लक्षात येतं, की यांतल्या एकीनेही स्वतःचा फोटो कसा निघावा हे ठरवलं नव्हतं. ते आता पुष्पमाला ठरवतात. कॅमेरा दुसरीच्या हाती आणि चित्र मात्र समोर उभ्या राहिलेल्या बाईचं, असा उलटा न्याय!

संध्याकाळी पिवळ्या मार्गिकेने परतताना डब्यातले निम्मे प्रवासी फोनमध्ये फोटोच पाहत असतात. आता फोनला सांगितलं, की तो पांढरं आभाळ काढून झकास ढग बसवून देतो. ट्राइपला जे ब्रश घेऊन बसावं लागलं, ते बोटाच्या एका टिचकीत. २०२३ च्या एप्रिलमध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डाग्सेन याने तर सोनीच्या जागतिक स्पर्धेतलं बक्षीस नाकारलं, कारण त्याने पाठवलेलं चित्र कॅमेऱ्यातून आलंच नव्हतं, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलं होतं. परीक्षकांना ओळखता येतं का, हे त्याला पाहायचं होतं म्हणे. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्यावर उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या ठिकाणी हा वाद परका नाही. पण ट्राइपने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले ढग परत आणले होते. फोन देतो ते ढग कुणीच पाहिलेले नसतात. हा फरक लहान नाही.

इलेक्ट्रॉनिक सिटीत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याने म्हणून काचेच्या इमारतींचा नाद सोडून थोडं पुढे जावं. मेट्रोचं हुस्कूर रोड नावाचं स्थानक आहे. ज्या हुस्कूरच्या नावाने ते ओळखलं जातं, त्या गावात साधारण मार्च महिन्यात मद्दूरम्मा देवीची जत्रा भरते. आसपासच्या गावांतून लाकूड-बांबूचे, रंगीत कापडांनी मढवलेले, शंभर फुटांहून उंच रथ बैलजोड्या आणि ट्रॅक्टर लावून ओढत आणतात. वाटेत विजेच्या तारा बाजूला कराव्या लागतात. शेताडीतून असा मनोरा डुलत येतो आणि काचेच्या इमारती त्यामानाने कालच्या वाटतात. या रथांची गावं शहरात विरघळत चालली आहेत आणि मोकळी शिवारं दरवर्षी कमी होत आहेत. म्हणून जायचं तर आताच. रथाच्या टोकाकडे सगळेच कॅमेरे वळतात. खाली दोर ओढणाऱ्यांचे हात, घरासमोर वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्या, तारा उचलून धरणारा गडी, यांच्याकडेही पाहावं. पावसाची लक्षणं मात्र ध्यानात ठेवावीत. मार्च २०२५ मध्ये वादळी पावसात इथले रथ कोसळून जीवितहानी झाली होती. वारा सुटला, की कॅमेरा पिशवीत टाकून रथापासून लांब व्हावं.